खांद्यावरची काळी पट्टी आणि बोस्टनचा हट्टी शल्यचिकित्सक

१/ बीजिंग ऑलिंपिक, २००८. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श सुवर्णपदकाकडे वाटचाल करीत होती आणि प्रेक्षकांचे लक्ष मात्र तिच्या उजव्या खांद्यावरील काळ्या चिकटपट्ट्यांकडे होते. त्याच खांद्यावर आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती.

२/ ही लवचीक पट्टी जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात विकसित केली. पूर्वीची ताठ पट्टी सांधा आवळून हालचालच रोखत असे. ही मात्र त्वचेसारखी ताणली जाते. त्वचा किंचित उचलली गेल्याने वेदना घटते, असा दावा होता.

३/ योगायोग असा की, २००८मध्येच खांदेदुखीच्या ४२ तरुण रुग्णांवरील अमेरिकी चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना खरी पट्टी, काहींना नुसती चिकटवलेली. खरी पट्टी लावताच हात वेदनेविना अधिक वर गेला. सहाव्या दिवशी मात्र दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

४/ उपचाराने अखेर काय साधले, हा प्रश्न बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी कितीतरी आधी लावून धरला होता. प्रत्येक रुग्णाला वर्षभराने पुन्हा तपासून परिणाम नोंदवावा, एवढेच त्यांचे मागणे. १९१५मध्ये भर सभेत त्यांनी व्यंगचित्र झळकावले: वाळूत डोके खुपसून वैद्यकविश्वाला सोन्याची अंडी देणारा शहामृग, म्हणजे शहरातील धनिक रुग्ण! गदारोळ उडाला. सहकारी दुरावले, हे सांगायला नकोच.

५/ याच कॉडमन यांनी १९३४मध्ये खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा व्यायाम साधा: कमरेत वाकावे, हात सैल सोडावा, लंबकासारखा झुलवावा. हाताच्या भारानेच सांध्यात जागा होते. दुखऱ्या स्नायूंना तो उचलावा लागत नाही. फिजिओथेरपिस्ट आजही हा व्यायाम त्यांच्याच नावाने शिकवतात.

६/ १९७२मध्ये चार्ल्स नीअर यांनी खांद्यावरील हाड तासण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि ती जगभर रूढ झाली. त्या शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीतील ९७ रुग्णांचा स्वीडनमधील अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला खांदा आणि पाठीच्या फऱ्याचे स्नायू बळकट करणारे नेमके व्यायाम दिले, दुसऱ्याला सर्वसाधारण. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातील ६३ टक्क्यांनी शस्त्रक्रियाच निवडली. पहिल्यातील केवळ २० टक्क्यांनी.

७/ कॉडमन १९४०मध्ये वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडले.