घरी गाडी धुताना रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावे?

पाऊस संपला की तळवलीत गाडी कितीही स्वच्छ करून लावा, दोन दिवसांत टपावर बोटाने नाव लिहावे एवढी धूळ बसते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड वाहनांची ये-जा असते, पलीकडे रबाळेची एमआयडीसी आहे, आणि तिच्या मागे पारसिकचा डोंगर, जिथे वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. शिवाय आजूबाजूला बांधकामे आहेत आणि खाडीकडून खारी हवा येते.

त्यामुळे इथे गाडी वारंवार पुसावी लागते. पण बऱ्याच जणांचा अनुभव असा की, गाडी जितकी जास्त पुसावी तितकी तिची चमक लवकर जाते. दोन-तीन वर्षांत काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. मग दोष कंपनीच्या रंगाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा पुसण्याच्या पद्धतीत असते. कर्ज काढून घेतलेली गाडी उद्या विकायची वेळ आली तर घेणारा आधी बोनेटच न्याहाळतो, आणि टॅक्सीवर घर चालत असेल तर गाडीचे रूप हा धंद्याचाच भाग असतो. म्हणून हे नीट समजून घेतलेले बरे.

ओरखडा पडतो कसा?

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. चमक असते ती या पारदर्शक थराची. कारखान्यातून येणारे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला जपायचे म्हणतो तो थर केसापेक्षाही पातळ आहे.

आता धूळ बघा. आपल्याकडचा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोहस् मापाने सांगतात. बेसाल्टमधल्या मुख्य खनिजांचा कठीणपणा सुमारे ६ आहे, वाळूतल्या क्वार्ट्झचा ७, आणि साध्या चाकूच्या पात्याचा साधारण साडेपाच. जी धूळ चाकूच्या पात्यावर ओरखडा काढू शकते, तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या जातीचा क्लिअर कोट काय टिकणार?

तरी ही धूळ नुसती बसून असेल तर रंगाला फारसे काही होत नाही. ती फडक्याखाली दाबून ओढली की ओरखडा पडतो. गाडी धुण्याचे सगळे शास्त्र या एका गोष्टीत आहे: धूळ आधी पाण्याने उतरवायची, मगच गाडीला हात लावायचा.

रोजचे कोरडे फडके

आपल्या सोसायट्यांत आणि गावठाणातही महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारी मुले असतात. सकाळी लोक कामावर निघण्याआधी त्यांना दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. हाताशी एक बादली आणि एकच फडके. पहिल्या गाडीची माती त्याच पाण्यात जाते आणि दहाव्या गाडीपर्यंत फडक्यात बसलेली रेती सगळ्यांच्या बोनेटवरून फिरते. कधी कधी तर पाणीही नसते, कोरडेच फडके मारले जाते. सगळ्यात जास्त ओरखडे इथेच पडतात.

यात त्या मुलाची चूक काढण्यात अर्थ नाही. रोज गाडी पुसून पाहिजे, हे आपणच सांगितलेले असते. त्याच्यावर ओरडण्यापेक्षा किंवा काम बंद करण्यापेक्षा पद्धत बदला. आपल्या गाडीसाठी दोन वेगळी मायक्रोफायबरची फडकी त्याच्याकडे द्या आणि ती दर आठवड्याला घरी धुऊन परत द्या. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, पण भरपूर पाण्याने करायला सांगा. बाकी दिवशी फक्त काचा, आरसे आणि नंबर प्लेट पुसली तरी चालेल. पगार तोच ठेवा. त्याचे कष्ट कमी होतील आणि गाडीही वाचेल.

सामान काय लागेल?

- दोन बादल्या: एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी साध्या पाण्याची. चाकांसाठी जुना डबा किंवा तिसरी बादली वेगळी.
- गाडी धुण्याचा हातमोजा किंवा जाड, मऊ मायक्रोफायबर फडके. बनियनचे जुने कापड आणि पिवळा स्पंज टाळा. त्यात रेती पृष्ठभागावरच राहते. मायक्रोफायबरच्या लांब धाग्यांत ती आत ओढली जाते.
- गाडीचा शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच.
- पुसायला वेगळे, मोठे, कोरडे मायक्रोफायबर.
- ओतायला मग किंवा झारी. नळीच हवी असे नाही.

भांड्यांचा साबण एखाद्या वेळी वापरला तर रंग निघत नाही, पण तो वॅक्सचा थर काढून टाकतो. कपड्यांची पावडर मात्र नकोच. तिचे न विरघळलेले दाणे घासले जातात.

धुण्याचा क्रम

१. गाडी सावलीत आणि थंड हवी. बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर अर्धा तास थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग राहतात. सकाळची वेळ सगळ्यात चांगली.

२. आधी चाके. तिथे ब्रेकची धातूमिश्रित भुकटी असते. चाकांचे फडके आणि पाणी पुन्हा बॉडीला लावू नका.

३. वरून खाली पाणी ओता. टप, काचा, बोनेट, डिकी, दरवाजे. अजून हात लावायचा नाही. चिखल वाळलेला असेल तर पाणी मारून पाच मिनिटे भिजू द्या, मग पुन्हा पाणी ओता. या पायरीवर घाई केली तर पुढचे सगळे फुकट.

४. शाम्पूचा हात हलका. मोजा फक्त त्याच्या वजनाने फिरू द्या, दाबू नका. गोल गोल न घासता सरळ रेषेत फिरवा. शाम्पूचे काम मळ काढण्याइतकेच घसरण देण्याचे आहे. फेस कमी झाला, हात अडखळायला लागला, की पुन्हा शाम्पूत बुडवा.

५. प्रत्येक भागानंतर मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच शाम्पूच्या बादलीत घाला. दुसरी बादली याचसाठी. काम संपल्यावर तिच्या तळाशी बसलेला गाळ बघा. एक बादली असती तर तो गाळ रंगावर गेला असता.

६. दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. सगळ्यात जास्त रेती तिथेच असते.

७. शाम्पू वाळायच्या आत पाणी ओता. उन्हाळ्यात एका वेळी अर्धी गाडीच करा.

८. पुसताना ओढू नका. कोरडे फडके पसरून वरून थापटा आणि उचला. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर पुसणे टाळू नका. त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात आणि नंतर ते सहज निघत नाहीत.

शेवटी गाडी चार पावले चालवून हळूच दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेकमधले पाणी निघून जाईल.

फडके जमिनीवर पडले तर ते बाजूला ठेवायचे. झटकून परत वापरले की चिकटलेला एक खडा पुरतो.

पाणी किती?

बागेच्या साध्या नळीतून मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर पाणी जाते. दहा मिनिटे नळी सुरू राहिली तर १०० ते १५० लिटर. आपल्या नळीचा हिशेब करायचा असेल तर १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. वरच्या पद्धतीने छोटी गाडी चार बादल्यांत, म्हणजे ५०-६० लिटरमध्ये होते.

नवी मुंबईला मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणी येते आणि हे धरण पावसावरच भरते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत टंचाई आली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लावण्यात आला होता. तशी वेळ येण्याची वाट कशाला बघायची? आधी ओतायचे पाणी वाचवू नका, पण नळी सोडून गप्पाही मारू नका.

या चुका टाळा

- धुळीच्या गाडीवर कव्हर घालणे. वाऱ्याने कव्हर हलते आणि खालची धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. कव्हर स्वच्छ, कोरड्या गाडीवरच घाला.
- डिझेल किंवा रॉकेलने पुसणे. तासभर चमक दिसते, मग धूळ अधिक चिकटते आणि रबर खराब होते.
- पक्ष्यांची विष्ठा नखाने किंवा कोरड्या कापडाने काढणे. ओला कागदी रुमाल पाच मिनिटे ठेवा, मऊ झाल्यावर उचला. दोन-चार दिवस उन्हात राहिली तर ती क्लिअर कोट खाते, म्हणून त्याच दिवशी काढा.
- प्रेशर पंप जवळून मारणे. निदान दीड फूट अंतर ठेवा. जिथे रंगाचा टवका उडालेला आहे तिथे मारू नका, बाकीचा रंगही निघतो.
- बोनेट उघडून इंजिनवर पाणी ओतणे. वायरिंगला धोका असतो.

ओरखडे आधीच पडले असतील तर?

मोबाइलचा टॉर्च बोनेटजवळ धरा. दिव्याभोवती गोल जाळे दिसेल. ओरखडे खरे तर सगळ्या दिशांना असतात, उजेडामुळे ते गोल भासतात. आता हलकेच नख फिरवा. नख अडत नसेल तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने निघू शकतो. नख अडले तर तो खोल आहे, तिथे टचअपच करावा लागेल.

पण एक लक्षात ठेवा. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या पातळीवर आणणे म्हणजे पॉलिश. प्रत्येक वेळी केसापेक्षा पातळ असलेला तो थर आणखी कमी होतो. दर ईदला किंवा दिवाळीला "एकदा बफिंग मारून घेऊ" म्हणत राहिलो तर पाच-सहा वर्षांत काही जागी तो संपतो, आणि मग पूर्ण रंगाशिवाय इलाज नाही. पॉलिश एकदाच करून घ्या आणि त्यानंतर धुण्याची पद्धत बदला.

दोन बादल्या आणि तीन-चार चांगली फडकी यांचा खर्च एका पॉलिशच्या बिलापेक्षा कितीतरी कमी आहे. धूळ काही तळवली सोडून जाणार नाही. तिला फडक्याखाली दाबायचे की पाण्यासोबत जाऊ द्यायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.