दम्याचे दप्तर

दमा हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. 'दम' म्हणजे श्वास. दम लागणे, दम धरणे, दम खाणे, दम देणे असा त्याचा गोतावळा आपण इतका आपलासा केला आहे की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. डॉक्टराच्या संगणकावर दम्याच्या रोग्याची नोंद ठेवणाऱ्या ज्या दप्तराची ही कुळकथा आहे त्याचे नावही त्याच वाटेने आलेले; आणि जेथे १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, अंबाजोगाईस सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत, त्या बीड जिल्ह्यात या दोन्ही शब्दांनी बस्तान बसवावे यात नवल ते काय?

शब्द नवा असला तरी व्याधी पुरातन. चरकसंहितेत तमकश्वास म्हणून तिचे वर्णन आहे. आभाळ भरून आले, गारवा सुटला, पूर्वेचा वारा वाहू लागला की ती बळावते, आणि रोग्याला आडवे होण्यापेक्षा बसूनच बरे वाटते, हे त्या ग्रंथकाराने अचूक टिपले आहे. मृगाच्या दिवशी हैदराबादेस बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत मरळ माशाच्या पिलाच्या तोंडी औषध घालून ते रोग्याला गिळवितात. त्याच्या गुणास शास्त्रीय आधार नाही, तथापि श्रद्धा टिकून आहे, आणि तिचे कारण रोगाच्या स्वभावातच आहे. दमा येतो आणि ओसरतो. ओसरला की शेवटी जे औषध घेतले असेल त्याच्या पदरात यश पडते, आणि मधल्या काळाची नोंद कोणापाशीच नसल्यामुळे त्या यशाची झडती घेणारा कोणी उरत नाही.

नोंदीचा आरंभ १८४६ साली लंडनमध्ये झाला असे म्हणता येईल. जॉन हचिन्सन या वैद्याने पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाच्या यंत्राने दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजला. त्यात आयुर्विमा कंपन्यांचा स्वार्थ गुंतला होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पुढे फ्रान्समध्ये तिफनो याने १९४७ साली संपूर्ण श्वासाऐवजी जोराने सोडलेल्या पहिल्या सेकंदाचा श्वास महत्त्वाचा मानला, आणि १९५९ साली बेसिल मार्टिन राइट या इंग्रज संशोधकाचे 'पीक फ्लो मीटर' प्रसिद्ध झाले. त्याची छोटी, स्वस्त, हाती मावणारी आवृत्ती निघाली तेव्हा खरी क्रांती झाली. कारण आता रोगी घरीच सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून आकडा वहीत टिपू लागला, आणि त्या दोन आकड्यांतील तफावतच दम्याची साक्ष देऊ लागली. ही वही म्हणजेच आजच्या या संगणकी दप्तराची पणजी.

संगणक आला तो मात्र पंतोजीचा आव आणून. ईशान्य इंग्लंडमधील ६० दवाखान्यांत मार्टिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा व हृदयशूळ यांवरील उपचारांची मार्गदर्शक सूत्रे डॉक्टरांच्या संगणकांत बसविली. निष्कर्ष २००२ साली छापून आले ते असे की रोग्यांच्या उपचारांत किंवा प्रकृतीत काहीच लक्षणीय फरक पडला नाही. डॉक्टरांनी ती सूत्रे क्वचितच उघडली होती. मला हा फसलेला प्रयोग या साऱ्या वंशावळीत सर्वांत मोलाचा वाटतो. ज्ञान डॉक्टरांपाशी होतेच. रोगी समोर नसतानाच्या दिवसांची आठवण कोणापाशी नव्हती, आणि उपदेशाने ती काही आली नाही.

आपल्याकडे ती उणीव अधिकच जाणवते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतभरच्या २,०४,९१२ रुग्णांच्या एकदिवसीय पाहणीत निम्म्या रुग्णांच्या तक्रारी श्वसनाच्या होत्या. अशा गर्दीत बीडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर रोग्याला वाफ देतो, इंजेक्शन देतो आणि पुढच्याला आत बोलावतो. धाप थांबली की रोगी औषध ओढावयाचा 'पंप' फडताळात ठेवतो, कारण पंपाची सवय लागते असा समज; लेक उपवर असेल तर घरातील माणसे दम्याचे नावही काढीत नाहीत, 'ॲलर्जी आहे' म्हणतात. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे खरे, परंतु आष्टीकडच्या माणसाला ते दूर आणि नगर जवळ, म्हणून दप्तराचे हे साधन तालुक्याच्या डॉक्टरापाशीच असावयास हवे. ते साधन फार थोडे करते: गेल्या चार आठवड्यांविषयी पाच प्रश्न विचारते, पंचवीसांपैकी गुण मांडते, एकोणीस वा त्याखाली उतरल्यास दमा आटोक्यात नाही असा इशारा देते, आणि मागच्या खेपेचा आकडा शेजारी दाखविते.

परंतु दसरा-दिवाळी उलटली की याच जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पाचटाचा धुरळा आणि कोपीतल्या चुलीचा धूर यांत गेलेला तो सहामाहीचा काळच दप्तरात कोरा राहतो. २०२१ पासून देशभर मिळू लागलेल्या चौदा अंकी आरोग्य-क्रमांकाने केसपेपर रोग्याच्या मागोमाग जावा ही कल्पना उत्तम. तो जाईल तेव्हा जाईल. तूर्त त्या पाचांतला तिसरा प्रश्नच अडखळतो. रात्री किंवा नेहमीपेक्षा लवकर, दम्यामुळे किती वेळा जाग आली, असे तो विचारतो. तोडणीवाली बाई पहाटे तीनला फडात जाण्यासाठी उठते, मध्यरात्री गाडी भरण्यासाठी उठते. तिने "रोजच" म्हटले तर गुण घसरतात, "कधीच नाही" म्हटले तर वाढतात, आणि दोन्ही उत्तरे सारखीच खरी. तेव्हा पडद्यावरचा प्रश्न बाजूला सारून डॉक्टरला विचारावे लागते, "बाई, मुकादमाच्या हाकेच्या आधी जाग आली ती कितींदा?"