एचआयव्हीवरील स्वस्त औषधे
एचआयव्ही-संसर्गावर तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास रूढ झाला. पण रुग्णामागे वर्षाला सुमारे १०,००० डॉलर खर्च येत असल्याने आफ्रिकेतील बहुसंख्य रुग्णांना तो मिळालाच नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख यूसुफ हमीद यांनी ‘मेडसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदत संघटनेला तो वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हमीद यांच्या औदार्याचे कौतुक झाले, ते रास्तच. पण मूळ आधार भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याचा. त्यात औषध बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नव्हे. म्हणूनच स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरॅपीन ही निरनिराळ्या कंपन्यांची औषधे एकाच गोळीत आणता आली. २००५ पासून भारतातही औषधांना पेटंट मिळू लागले.