एमपी-थ्री उलगडताना काय परत मिळत नाही?

सीडीवरील एका सेकंदाच्या ध्वनीला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १९९३ साली प्रमाणित झालेल्या एमपी-थ्री पद्धतीत तोच ध्वनी १२८ किलोबिटमध्येही बसविता येतो. त्यासाठी कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा वगळला जातो.

फाईल वाजविताना सॉफ्टवेअरमधील डिकोडर प्रत्येक फ्रेमचा आरंभ शोधतो, हफमन संकेत उलगडतो आणि वारंवारतांच्या आकड्यांतून प्रत्येक वाहिनीचे १,१५२ नमुने पुन्हा रचतो. वगळलेला भाग मात्र त्याला परत आणता येत नाही. अशा फाईलचे वेव्हमध्ये रूपांतर केल्यास आकार अकरापट होतो, दर्जा तोच राहतो. जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन करताना नेमकी येथेच फसगत होते. मूळ प्रत फ्लॅकसारख्या, काहीही न वगळणाऱ्या स्वरूपात ठेवणे इष्ट. एमपी-थ्री ऐकण्यापुरती पुरेशी आहे.