हवाई अंतराचे मोजमाप आणि भूमापनाचा इतिहास

प्रस्तावना : नांदेड व लातूर येथील विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १२५ किलोमीटर, म्हणजे ६७ सागरी मैल आहे. रस्त्याचे अंतर वळणांनी वाढते. हवाई अंतर मात्र दोन्ही स्थळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावर काढले जाते. त्यासाठी पृथ्वीचा आकार अचूक ज्ञात असावा लागतो. या ज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा नायगावच्या दक्षिणेस, बीदर परिसरात आढळतो.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण : विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली. पुढे १८१५ मध्ये निजामाच्या मुलखात बीदरजवळ आणखी एक आधाररेषा मोजण्यात आली. त्रिकोणाची एक बाजू साखळीने मोजावयाची, थिओडोलाइटने कोन घ्यावयाचे व उर्वरित बाजू गणिताने काढावयाच्या, अशी ही पद्धत होती. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरी दरम्यानच्या अरण्यात जॉर्ज एव्हरेस्टचे पथक तापाने ग्रासले. काहींना प्राण गमवावे लागले. १८२३ मध्ये लॅम्ब्टनचे हिंगणघाट येथे निधन झाले. एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेली पृथ्वीची परिमाणे भारतीय नकाशांना दीर्घकाळ आधारभूत राहिली. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीने १९९८ पासून डब्ल्यूजीएस-८४ ही प्रणाली स्वीकारली.

निष्कर्ष : आज क्षणात मिळणाऱ्या या अंतरामागे शतकांची मोजणी आहे. लॅम्ब्टन व एव्हरेस्ट यांची नावे इतिहासात राहिली; साखळी ओढणारे व निशाण धरणारे एतद्देशीय मजूर मात्र बहुतांशी अनामिकच राहिले. प्रादेशिक इतिहासलेखनात त्यांच्या श्रमांची नोंद होणे आवश्यक आहे.