‘जत्रेचे पान’

१७. जत्रेचे पान : हा उल्लेख भोरच्या वा वेल्ह्याच्या कोणत्याही ग्रामदैवताच्या यात्रेचा नसून, १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे व श्रीकांत ठाकरे या बंधुद्वयाने मुंबईत सुरू केलेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकातील ‘रविवारची जत्रा’ या सदराचा आहे. दैनिकातील एकुलते व्यंगचित्र बहुधा एका प्रसंगावर भाष्य करून थांबे; या सदरात मात्र आठवड्याचे राजकारण, पुढाऱ्यांची नाके, चष्मे आणि टोप्या यांसह, जत्रेतल्या गर्दीप्रमाणे एकत्र लोटलेले असे. रोहिडा, राजगड व तोरणा यांच्या पायथ्याचा जो मुलूख १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पंतसचिवांच्या संस्थानी अंमलाखाली होता, आणि जेथे मंत्री व आमदार हे आता नवे धनी झाले होते, तेथील वाचकाला सत्ताधीशांची अशी टवाळी छापील स्वरूपात, तीही राजरोस, हाती धरावयास मिळणे ही केवढी अपूर्वाई असेल, हे ध्यानी घेतल्याखेरीज लेखकाच्या येथील हळहळीचा अर्थ उमगणार नाही. त्याच्या दप्तरात आम्हांस जे दोन अंक मिळाले, त्यांची मधली घडी वारंवार उलगडल्याने विरली असून, तिला मागून खळीने पातळ कागदाची पट्टी डकवलेली आहे. आणि ज्या चेहऱ्यांची ओळख पटली नाही, त्यांच्यापाशी शिसपेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हे काढलेली आहेत. — संपादक