आकाशातील दिवे आणि साक्षीदाराची जबानी

बखरीतील मजकूर जसाच्या तसा खरा मानू नये, आणि तो बखरीतला आहे एवढ्याच कारणाने टाकूनही देऊ नये, हे महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकांस आता सांगावयास नको. बखरकाराने स्वतः काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकले आणि मनाने काय जोडले, ह्यांची फोड केल्यावाचून त्याच्या शब्दाचे मोल ठरत नाही. हीच कसोटी जमिनीवरील लढायांप्रमाणे आकाशातील नवलांनाही लावता येते. रात्री अंगणात उभा असलेला मनुष्य 'मी आभाळात एक अनोळखी दिवा पाहिला' असे सांगतो, तेव्हा तोही एक लहानशी बखरच सांगत असतो. ह्या दृष्टीने हैदराबाद शहर आणि त्याच्या सभोवतालचा मुलूख फार बोधप्रद आहे. आकाशातील दिव्यांची एकेक करून नोंद ठेवणारी वेधशाळा ह्या शहरात झाली, आणि लोकांना कोड्यात टाकणारे दिवे आकाशात सोडणारे केंद्रही ह्याच शहरात आहे.

अशा साक्षीच्या चौकशीचे आपल्या देशातील एक जुने आणि उत्तम उदाहरण काशीजवळचे आहे. १७९८ च्या डिसेंबरची १९ तारीख. रात्रीचे सुमारे आठ वाजलेले, आकाश निरभ्र. क्राखुत नावाच्या खेड्याच्या बाजूस लोकांना अग्नीचा एक मोठा गोळा दिसला. मागोमाग मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि दगड पडले. त्या काळी आकाशातून दगड पडतात ही गोष्ट युरोपातील बहुतेक पंडित अडाण्यांची समजूत मानीत असत. १७७२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आलेल्या लाव्हाझिये आदींच्या अहवालाने अशा एका दगडास सामान्य खडक ठरविले होते. परंतु काशीच्या न्यायाधीशाने गावकऱ्यांस हसण्याऐवजी चौकशीसाठी माणूस धाडला. गावकऱ्यांनी दगड कोठे पडले ते दाखविले; शेतांत जमीन नुकतीच उकरल्यासारखी दिसत होती आणि तेथे थोडे खणताच दगड मिळत होते. जॉन लॉइड विल्यम्स ह्यांनी ही सारी हकीकत लिहून लंडनला पाठविली, आणि १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड ह्यांनी त्या दगडांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. काशीचे दगड आणि इंग्लंड-इटलीत पडलेले दगड एकमेकांशी जुळले. त्यांतील लोखंडात निकेल होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लेग्ल गावी झालेल्या दगडांच्या वर्षावाची चौकशी बियो ह्यांनी गावोगाव हिंडून केली, आणि वाद मिटला. खेडुतांची साक्ष खरी ठरली. पंडितांचा अविश्वास चुकला. हा धडा जितका महत्त्वाचा तितकाच विसरण्यासारखा आहे, म्हणून तो आधी सांगितला.

आता हैदराबादकडे वळू. १९०१ मध्ये नवाब जफर जंग ह्यांनी इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणून आपल्या जहागिरीत वेधशाळा उभारली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि पुढे बेगमपेठेत स्थिरावली. हीच निजामिया वेधशाळा. पॅरिस येथे १८८७ मध्ये भरलेल्या परिषदेने साऱ्या आकाशाचे छायाचित्रण जगातील वेधशाळांत वाटून घेण्याचे ठरविले होते. त्या वाटणीत दक्षिण आकाशाचा −१७ ते −२३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला आणि नंतर उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचाही आला. चॅटवुड, पोकॉक आणि टी. पी. भास्करन ह्यांच्या कारकिर्दींत तेथील माणसांनी काचेच्या तबकड्यांवर रात्रीमागून रात्र आकाश टिपले आणि लक्षावधी ताऱ्यांची स्थाने मोजून ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध केली. हे काम कंटाळवाणे होते खरे. परंतु नवीन काय हे ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. जुने काय होते ह्याची यादी ज्याच्यापाशी आहे, त्यालाच नवे दिसते.

ह्याच वेधशाळेतील एका सेवकाचे चिरंजीव वेणू बाप्पू. हैदराबादेत वाढलेला हा तरुण शिक्षणासाठी हार्वर्डला गेला आणि २ जुलै १९४९ रोजी आकाशाच्या नेहमीच्या छायाचित्रणात त्याला एका तबकडीवर परका ठिपका आढळला. त्याने डंका पिटला नाही. बार्ट बोक आणि गॉर्डन न्यूकर्क ह्यांच्या साहाय्याने पडताळा झाला, आणि तो ठिपका धूमकेतू ठरून त्याला तिघांची नावे मिळाली. दिसले, नोंदले, दुसऱ्याने पाहिले, मगच नाव दिले: चौकशीचा हा क्रम तबकडीप्रमाणे अंगणातील साक्षीदारालाही लागू आहे.

मात्र त्यानंतर काळ पालटला. आकाशात आता केवळ देवाचे दिवे राहिले नाहीत, माणसाचेही आले. १९६९ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुग्यांचे केंद्र हैदराबादेत आहे. हायड्रोजनने भरलेले पॉलिथिनचे प्रचंड फुगे तेथून उपकरणे घेऊन तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर जातात. उड्डाणे बहुधा रात्री किंवा पहाटे होतात. पहाटे गावात अंधार असतो. परंतु पस्तीस किलोमीटर उंचीवरील फुग्याला क्षितिजापलीकडचा सूर्य सुमारे सहा अंश आधीच दिसू लागतो. म्हणजे आपल्या सूर्योदयापूर्वी सुमारे पंचवीस मिनिटे तो फुगा उन्हात न्हाऊन निघतो आणि काळोख्या आभाळात एखाद्या ग्रहासारखा झळकतो. संध्याकाळी हेच उलट क्रमाने घडते. शहरावर असलेला असा फुगा हवा स्वच्छ असता बीदरहून क्षितिजाच्या वर सुमारे सोळा अंशांवर, तर नांदेडहून सात-आठ अंशांवर दिसू शकेल. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याला हैदराबादचे आभाळ आजही असे सामाईक आहे.

७ डिसेंबर २०२२ रोजी हैदराबादकरांनी सकाळच्या आकाशात एक पांढरी, सावकाश सरकणारी वस्तू पाहिली आणि परग्रहावरील यानाची चर्चा घरोघर झाली. त्याच दिवशी विकाराबाद जिल्ह्यातील मोगिलीगुंड्ला गावाच्या शेतात एक भलीमोठी कुपी उतरली, तेव्हा तर पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. उत्तर साधे होते. एका स्पॅनिश कंपनीने प्रवासी वाहून नेण्यासाठी योजिलेल्या कुपीची निर्मनुष्य चाचणी ह्याच केंद्राच्या फुग्यावर घेतली होती. गावकऱ्यांनी पाहिले ते खरेच पाहिले. चुकला तो केवळ त्याचा अर्थ. आणि योगायोग असा की परग्रहाचा शोधही ह्याच फुग्यांनी घेतलेला आहे. जयंत नारळीकर ह्यांच्या सहभागाने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून उडविलेल्या फुग्यांनी उंचावरील हवेचे नमुने आणले. २००५ च्या नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत झाली, आणि २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. ते जीव पृथ्वीबाहेरून आले असे मात्र संशोधकांनी सिद्ध झाल्याचे म्हटले नाही. ज्या फुग्याला खेडूत परग्रहाचे यान म्हणतो, तोच परग्रहाच्या पाहुण्यांसाठी सापळा लावून फिरत असतो. आणि सापळ्यात काही सापडले तरी शास्त्रज्ञ घाई करीत नाही.

पहिल्या उत्तरावर विसंबू नये हे शिकविणारा प्रसंग ह्याच वर्षी विदर्भात घडला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेश-गुजरातपर्यंत लोकांनी जळत्या दिव्यांची एक ओळ आकाशातून संथपणे जाताना पाहिली. काहींनी ती उल्का म्हटली. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून एक अग्निबाण सुटला होता. वेळ जुळते म्हणून तो त्याचाच अवशेष असावा असाही तर्क झाला. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले आणि जवळच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. कक्षांचे गणित करणाऱ्यांनी ही सामग्री फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी 'लाँग मार्च ३-बी' अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याशी जुळविली. हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. कोसळलेल्या अवकाशसामग्रीने हानी झाल्यास सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यावी असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. सणाच्या दिवशी घरावर कडे पडले असते, तर गावकऱ्याची जबानी हाच त्या दाव्याचा पहिला कागद झाला असता.

म्हणून साक्षीदाराला काय विचारावे, हे ठरलेले असणे इष्ट आहे. एकाकी दिव्याचे अंतर, उंची आणि आकार डोळ्यास कळत नाहीत. म्हणून 'किती उंच, किती मोठा' हा प्रश्न निरर्थक होय. दिवा कोणत्या दिशेस, कोणत्या झाडावर वा छपरावर दिसला, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या किती पट वर होता, किती वेळ दिसला, आवाज झाला की नाही आणि किती वेळाने, हे विचारावे. एक मूठ म्हणजे स्थूलमानाने दहा अंश. अवधी तर अर्धे कोडे सोडवितो. उल्का काही क्षणांत विझते. कोसळणारा अग्निबाण तुकड्यांची रांग करून एक-दोन मिनिटे जातो. उपग्रह चार-सहा मिनिटे घेतो. फुगा आणि शुक्र तासन् तास राहतात. एकटक पाहिल्यास स्थिर ताराही हलल्यासारखा भासतो हे ध्यानी घेऊन, दिव्याची जागा एखाद्या खांबाशी ताडून पाहावयास सांगावे. दोन गावांतील दोन दिशा मिळाल्या, तर नकाशावर दोन रेघा ओढून दिव्याची खरी जागा काढता येते.

हे सारे करूनही काही साक्षी उकलत नाहीत. त्यांच्यापुढे 'अनिर्णित' असा शेरा मारून कागद जपून ठेवावा. अनिर्णित म्हणजे परग्रहाचे यान नव्हे, आणि खोटे बोलणे तर नव्हेच. ज्याला एकदा हसून घालविले तो दुसऱ्यांदा सांगावयास येत नाही. मग उपकरणाची पेटी शेतात फोडली जाते, पडलेले कडे भंगारात जाते, आणि चौकशीसाठी काहीच उरत नाही. फुग्यांच्या केंद्रातर्फे उड्डाणांपूर्वी जाहीर विनंती होते की सापडलेल्या उपकरणांस हात न लावता पोलिसांस कळवावे. ती विनंती पाळली जावयाची असेल, तर पोलीस ठाण्यात, तहसिलीत आणि शाळेत त्या सांगणाऱ्याचे प्रथम ऐकून घेतले पाहिजे. क्राखुतच्या शेतकऱ्यांकडे १७९८ मध्ये एका न्यायाधीशाने माणूस पाठविला, म्हणून एक शास्त्र उभे राहिले. आपल्या गावांतील जबान्या तितक्याच आस्थेने लिहून घेतल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.